पट्टी उतरवताना

गाणाऱ्याचं वय आधी श्वासात दिसतं, मग आवाजात. मनाला ते सगळ्यांत उशिरा पटतं. आवर्तन व्यापून समेवर यायची ती तान मध्येच श्वास मागते. तार षड्जावर आवाज ठरायला वेळ लागतो. स्वरतंतूंची लवचिकता कमी होते, छातीचा भाता पूर्वीइतका फुलत नाही. रजोनिवृत्तीनंतर बायकांचा आवाज बहुधा खाली उतरतो. माझाही उतरला.

आमच्या पेशात यावर सरळ उपाय आहे, पट्टी उतरवायची. माझी काळी पाच होती. तिथून पांढरी सहावर आले आणि आता काळी चारात गाते. म्हणजे दोनच पायऱ्या, एक पूर्ण स्वर. पण गाणाऱ्या बाईची पट्टी म्हणजे तिची ओळख असते. तबलजी ती विचारूनच घरून तबला उचलतो. त्यामुळे पट्टी बदलली की आधी साथीदारांना कळतं, मग विंगेत कुजबुज होते आणि शेवटी सगळ्या गावाला कळतं.

तानपुऱ्याला तर लपवाछपवी मुळीच चालत नाही. त्याच तारा सैल करून खाली आणल्या, तर त्या ढिल्या पडतात आणि जव्हारी बोलत नाही. जाड तारा चढवाव्या लागतात, घोडी पुन्हा घासून घ्यावी लागते. माझा तानपुरा मिरजेला नेला तेव्हा कारागिराने विचारलं, “ताई, पट्टी कायमची बदलली का कार्यक्रमापुरती? कायमची असेल तर घोडी त्या बेतानं घासतो.” मी म्हटलं, “कायमची.” त्यांनी मान हलवली आणि जुन्या तारा काढायला घेतल्या. ना हळहळ, ना धीराचे शब्द. स्वीकार म्हणजे काय, यावर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. इतकं नेमकं कोणी सांगितलं नव्हतं.

सकाळचा रियाज आता तानपुरा लावण्यापासूनच सुरू होतो. पूर्वी हे काम शिष्येकडे असायचं. आता मीच बसते, तेही खुर्चीवर, कारण गुडघे मांडी घालू देत नाहीत. आधी जोडीच्या दोन तारा. त्यांच्यात तसूभर फरक असला तरी नादात लाटा उठतात. मणी केसभर सरकवला की लाटा संथ होतात, आणखी थोडा सरकवला की विरतात. मग पंचम, शेवटी खर्ज. जव्हारीचं सूत बोटाने मागेपुढे करत एका जागी आणलं की तार खुलते, आणि खर्जातून गंधार ऐकू येऊ लागतो. चारांतली एकही तार गंधारात लावलेली नसते. तो खर्जाच्या नादातच असतो, त्याच्या पाचपट कंपनांचा. म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो ऐकायचा तर तोंड बंद ठेवावं लागतं. मन गॅसच्या नंबराकडे किंवा कालच्या फोनकडे गेलं, की गंधार नाहीसा होतो आणि नुसता तारांचा आवाज उरतो. परत यावं, पुन्हा ऐकावं. ध्यानाच्या शिबिरात हेच शिकवतात म्हणे. मला ते तानपुऱ्याने शिकवलं.

गाण्यातही बदल झाला. द्रुत ताना कमी केल्या, विलंबित वाढवलं, मंद्रात जास्त राहू लागले. दरबारी आता जवळचा वाटतो. पण त्यात एक धोका आहे. दरबारीचा गंधार आंदोलित असतो आणि वय झालेला आवाज आपोआप थरथरतो. ही थरथर आंदोलन म्हणून खपवायचा मोह होतो. आंदोलन करावं लागतं, त्याचा वेग आपल्या ताब्यात असतो. थरथर आपल्याला विचारत नाही. जाणकार श्रोता फसत नाही. आवाज थरथरतो हे मान्य करायचं, तिथे स्वर आखूड ठेवायचा, आणि आंदोलन जमेल तेवढंच, पण खरं करायचं.

थोरामोठ्यांनी यातून आपापल्या वाटा काढल्या. केसरबाई केरकरांनी १९६३-६४च्या सुमारास जाहीर मैफली थांबवल्या. त्यानंतर तेरा-चौदा वर्षं त्या होत्या, पण व्यासपीठावर आल्या नाहीत. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीत बिघडला आणि बदललेल्या गळ्याला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली. जयपूर घराण्याची पेचदार गायकी ती हीच. गंगूबाई हनगलांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर भरदार, जवळजवळ पुरुषी झाला, आणि तोच आवाज घेऊन त्या म्हातारपणापर्यंत गायल्या. केसरबाईंचा करारीपणा माझ्यात नाही, खाँसाहेबांची प्रतिभा तर नाहीच. गंगूबाईंची वाट मात्र सामान्य गाणाऱ्यालाही चालता येते: गळ्यात आज जे आहे, ते घेऊन बसायचं.

म्हणून साठी ओलांडलेल्या गाणाऱ्या मंडळींना माझं सांगणं आहे. शिष्यांनी चाचरत सुचवायच्या आधी पट्टी आपणच उतरवा. तारा जाड घ्या, जव्हारी लावून घ्या, तबलजीला आधी कळवा. आणि कोणी पट्टी विचारली, तर आजची सांगा.