सोनपेठचे उत्खनन

गावाच्या नावातच सोने असल्यामुळे आमच्या सोनपेठला कुठेही खड्डा खणला, की दहा माणसे काठावर जमतात. (आजवर आमच्या पाहण्यात खापरांपलीकडे काही निघालेले नाही.) परवा घरामागे शोषखड्डा खणताना अशीच गर्दी झाली, आणि आमच्या मनात आले, की दोन हजार वर्षांनी येथे रीतसर उत्खनन झाले, तर विद्वानांच्या हाती काय लागेल?

वरच्या थरात अर्थातच फ्लेक्स. त्यांवरील गॉगलधारी मुद्रा पाहून, येथे एकाच वेळी किमान चारशे राजे राज्य करीत होते, असा निष्कर्ष निघेल. रिक्षाच्या पत्र्यावरील 'जगात जर्मनी, भारतात परभणी' या लेखावरून दोन दरबारांच्या राजनैतिक संबंधांवर प्रबंध सिद्ध होईल. भूमिपूजनाच्या कोनशिला विपुल सापडतील, इमारती मात्र सापडणार नाहीत. तेव्हा कोनशिला हीच देवता, असे ठरेल. कोरड्या बोअरची शेकडो भोके पाताळातील पितरांशी बोलण्यासाठी होती, यावर विद्वानांचे चक्क एकमत होईल. आणि निळे प्लास्टिकचे ड्रम? पुणे जिल्ह्यातील इनामगावला चार पायांच्या रांजणातले दफन सापडले आहे. त्याच न्यायाने हेही दफनकुंभ. आत अस्थी नाहीत, हा किरकोळ मुद्दा. पाणीही नव्हते, हे त्यांना कोण सांगणार!

इनामगावचे नाव निघाले, की आमची थट्टा जरा अडखळते. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तेथे उत्खनन केले. इ.स.पू. 1000 च्या सुमारास तेथील ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊसमान घटले आणि शेतकरी अर्धे भटके झाले, असा त्याचा अर्थ लावला गेला. खांबांच्या खड्ड्यांवरून हे सारे वाचता आले.

आमच्या वर्गातील मागचे दोन बाक दरवर्षी दिवाळीनंतर रिकामे होतात. मुले आईबापांसोबत ऊसतोडीला जातात, कारखान्याच्या रानात कोप्यांत राहतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कोपीच्या खांबांचे खड्डे पुढच्या नांगरटीत बुजतात. हजेरीपटावर लाल शाईने 'गैरहजर' एवढेच उरते, आणि कागदाला वाळवी लागते.

शोषखड्डा पाच फूट गेला. एक काळसर खापर निघाले. काठावरचे म्हातारबा हिरमुसून उठले. खणणाऱ्या गड्याने कपाळावरचा घाम पुसला.

"सर, दगड आजच भरून घेऊ," तो म्हणाला, "सोमवारी आमची गाडी हाय."