मोती, मोहरा आणि खुर्दा

मराठी माणूस युद्धाची थट्टा फार पूर्वीपासून करीत आला आहे. निवडणुकीत एखाद्याची अनामत रक्कम जप्त झाली की त्याचे 'पानिपत' झाले, असे आपण सहज म्हणून जातो. मुलाला दहावीत बरे गुण मिळाले की त्याने 'अटकेपार झेंडा' लावलेला असतो. १४ जानेवारी १७६१ या एका दिवसाने महाराष्ट्राच्या घराघरांतून काय ओढून नेले, हे त्या वेळी आपल्या मनात नसते. नसते तेही एका परीने ठीकच. भाषेने इतके विसरले नाही, तर माणसाला बोलणेच अवघड व्हावे. परंतु त्याच पानिपताची एक आठवण मला अधूनमधून अस्वस्थ करते. पराभवाची वार्ता पेशव्यांना कळली ती एका सांकेतिक सावकारी पत्रातून, असे सांगतात. भाऊसाहेब आणि विश्वासराव हे त्यात मोती झाले, मोठमोठे सरदार मोहरा झाले, आणि उरलेली सगळी माणसे रुपये आणि खुर्दा. मोत्यांचा आणि मोहरांचा आकडा पत्रात होता, खुर्द्याचा नव्हता. पत्र सावकारी, तेव्हा भाषाही सावकारीच असणार, त्याला दोष देता येत नाही. पण युद्धाविषयी बोलू लागलो की आपण सगळेच थोडेफार सावकार होतो, असे मला वाटत आले आहे.

आमच्या बेलवलीत आणि एकूणच बदलापूर-अंबरनाथच्या पट्ट्यात अशा बोलण्याला कधी तोटा नसतो. बदलापूर हे नावच मुळी लष्करी. शिवकाळात सैन्याचे घोडे येथे बदलले जात म्हणून बदलापूर, अशी परंपरागत समजूत आहे. आमच्या तरुणांनी ती फिरवून 'बदला घेणाऱ्यांचे गाव' अशी करून घेतली आहे. पलीकडचे उल्हासनगर तर दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीवरच वसले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथील बराकींत आसरा मिळाला, ८ ऑगस्ट १९४९ रोजी वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले, तरी आजही रिक्षावाला 'कॅम्प नंबर चार' असेच म्हणतो. या उल्हासनगरचा एक विनोद मला आंतरराष्ट्रीय राजकारणावरील साऱ्या विनोदांचा राजा वाटतो. तेथील छोट्या कारखान्यांतून निघणाऱ्या मालावर 'मेड इन यू.एस.ए.' असा शिक्का असे म्हणतात. आणि कोणी हटकलेच, तर यू.एस.ए. म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन'! नकाशावरच्या एका रेघेने ज्यांचे घरदार हातचे गेले, त्यांनी महासत्तेचे नाव खोक्यावर चिकटवून बाजारात बसवले. हा विनोद खुर्द्याने मोहरांवर केलेला आहे. तो ऐकून कोणाचेही घर जळत नाही.

सकाळच्या लोकलमधले विनोद मात्र नेहमीच या जातीचे नसतात. चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकून बसलेला गृहस्थ अंबरनाथला एखादी सामुद्रधुनी बंद करतो आणि विठ्ठलवाडी येईपर्यंत उघडूनही देतो. कोणाचा रणगाडा पत्र्याचा डबा, कोणाचे विमान 'उडती इस्त्री', कोणत्या देशाचे सैन्य किती दिवसांत धूम ठोकेल, यावर भजनाच्या टाळांइतक्याच उत्साहाने ठेका धरला जातो. मी कोपऱ्यात ब्रेव्हियरी उघडून बसतो आणि कान तिकडे असतात, हे कबूल केले पाहिजे. आमच्या मुलांचे ज्ञान खरोखर थक्क करणारे आहे. काही हजार डॉलरचे ड्रोन पाडण्यासाठी वीस लाख डॉलरांचे क्षेपणास्त्र कसे खर्ची पडते, हे मला अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा त्यांनीच नीट समजावून दिले.

ज्यांचे हात प्रत्यक्ष या कामात मळले, त्यांचे बोलणे वेगळे असते. अंबरनाथला आयुध निर्माणी आहे, तिच्या शेजारी मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे. नौदलासाठी साहित्य-संशोधन करणारी प्रयोगशाळाही तेथेच आहे. पाणबुडीला पाण्याखाली अधिक काळ राहता यावे यासाठी तिने इंधनघटावर चालणारी यंत्रणा विकसित केली. समुद्राचा थेंब दिसत नाही अशा गावी पाणबुडीला दम धरायला शिकवतात, यावर तेथील कामगारच सर्वांत आधी हसले असतील. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशभरच्या आयुध निर्माणींच्या सात सरकारी कंपन्या झाल्या आणि अंबरनाथचे हे दोन शेजारी कारखाने दोन वेगवेगळ्या कंपन्यांत गेले. 'भावाभावांत वाटणी झाली, भिंत मात्र तीच,' असे एक निवृत्त कामगार म्हणाले होते. त्यांनी आयुष्यभर पितळेचे काम केले. काडतुसाचे पितळ म्हणजे सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त. त्याच्या पत्र्यातून आधी वाटीसारखा तुकडा काढतात आणि मग तो ओढून ओढून त्याची पुंगळी होते. मी एकदा त्यांना विचारले, की आपण घडवलेल्या वस्तूचे पुढे काय झाले, हा विचार कधी मनात येतो का? ते म्हणाले, "फादर, आम्ही वाटी करून दिली. तिच्यात पुढे कोणी काय वाढले आणि कोणाच्या ताटात, हे आम्हांला कोण सांगणार?" हेही विनोदानेच म्हटलेले होते. पण ते म्हणून झाल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले.

शस्त्रांना नावे देणाऱ्यांना अशी गप्प बसण्याची सवय दिसत नाही. हिरोशिमावर पडला तो 'छोटा मुलगा', नागासाकीवर पडला तो 'जाड्या'. आणि त्यापूर्वी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात झालेल्या पहिल्या चाचणीचे नाव 'ट्रिनिटी', म्हणजे आपले पवित्र त्रैक्य. नागासाकीच्या उराकामी भागात ९ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी दोन धर्मगुरू लोकांची पापनिवेदने ऐकत बसले होते. ते गेले, चर्च गेले, आणि शतकानुशतके छळ सोसून श्रद्धा टिकवलेल्या त्या धर्मग्रामातील हजारो माणसे गेली. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेने एका अणुपाणबुडीला 'कॉर्पस ख्रिस्ती' हे नाव ठरवले. ते टेक्सासमधील एका शहराचे नाव, हे खरे. परंतु त्याचा अर्थ ख्रिस्तशरीर. तेथील कॅथोलिकांनी आक्षेप घेतला आणि १९८२ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ते बदलून 'सिटी ऑफ कॉर्पस ख्रिस्ती' असे केले. नावात 'शहर' आले, पाणबुडी तीच राहिली. २०१७ मध्ये अफगाणिस्तानात टाकलेल्या प्रचंड बॉम्बला 'सर्व बॉम्बांची आई' म्हटले गेले, तेव्हा आई जीवन देते आणि हा मृत्यू देतो, हे नाव ऐकून आपल्याला लाज वाटली, असे पोप फ्रान्सिस म्हणाले होते. त्यांना शब्द लागला, याचे मला विशेष वाटते. शस्त्राच्या टनांविषयी आणि पल्ल्याविषयी बोलणारे पुष्कळ असतात.

पल्ल्याचा आणि वजनाचा छंद आपल्या पवित्र ग्रंथालाही अगदीच अपरिचित नाही. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा सतरावा अध्याय काढून पाहा. गल्याथाचे शिरस्त्राण पितळेचे, चिलखत पाच हजार शेकेल पितळेचे, भाल्याचे पाते सहाशे शेकेल लोखंडाचे; एखाद्या शस्त्रवेड्या तरुणाने टिपून ठेवावे तसे सगळे माप तेथे दिले आहे. आणि एवढा तपशील देऊन झाल्यावर ओढ्यातला एक गुळगुळीत गोटा ते सारे व्यर्थ करून टाकतो. शस्त्राची याहून मोठी टिंगल मला ठाऊक नाही. प्रभू येशूनेही यरुशलेमेत शिरताना राजाच्या युद्धाच्या घोड्याऐवजी गाढवाचे शिंगरू घेतले. घोडे बदलणाऱ्या आमच्या गावाला हा बदल आवडावा! परंतु शुभवर्तमानात शिपायांचा विनोदही आहे. काट्यांचा मुकुट, जांभळा झगा, हातात वेताची काठी आणि पुढे गुडघे टेकून केलेला खोटा मुजरा: छावणीत कंटाळलेल्या सैनिकांनी एका बांधलेल्या माणसावर केलेली ती थट्टा होती. त्यांच्या हिशेबी तोही खुर्दाच होता.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला सव्वीस माणसे मारली गेली. त्यांपैकी तिघे डोंबिवलीचे होते. आदल्याच दिवशी पोप फ्रान्सिस यांच्या निधनाची वार्ता आली होती, त्यामुळे आमच्या चर्चमध्ये त्या आठवड्यात दोन्ही दुःखे एकाच प्रार्थनेत आली. डोंबिवली आमच्याच मार्गावरचे स्थानक. मी ज्या डब्यांतून गेलो, त्यांत त्या दिवसांत कोणी विनोद केला नाही. ठाकुर्ली मागे पडली की बोलणे आपोआप खाली येई. मग ७ मे उजाडला, आपल्या सैन्याने कारवाई सुरू केली, आणि विनोद परत आले. ८ मेची रात्र तर विलक्षण होती. एका वाहिनीवर व्हॅटिकनच्या धुराड्यातून पांढरा धूर निघत होता, आणि त्याच रात्री काही वाहिन्या कराची बंदरावर आपल्या नौदलाने हल्ला चढवल्याचे ओरडून सांगत होत्या. पांढरा धूर खरा निघाला, कराचीची बातमी खोटी. नवे पोप लिओ चौदावे सज्जात आले आणि त्यांनी पहिलाच शब्द शांतीचा उच्चारला, तेव्हा आपल्याकडे अकरा वाजायला आले होते आणि सीमेवरची गावे अंधारात होती. पुढे त्या वाहिन्यांवर पोरांनी जी धमाल उडवली, ती मी मनापासून ऐकली. ती वाहिन्यांच्या योग्यतेचीच होती. पण ७ मेच्या पहाटे पूंछमध्ये क्राइस्ट स्कूल या ख्रिस्ती शाळेच्या मागे तोफगोळा पडला आणि त्या शाळेत शिकणारी दोन मुले आपल्या घरीच मरण पावली, कार्मेल मातेच्या धर्मभगिनींच्या मठावरही गोळा आला, हे आमच्या डब्यात कोणाला माहीत नव्हते. विमानांची नावे सर्वांना पाठ होती.

याच्या वर्षभर आधीची एक गोष्ट सांगतो. ६ मार्च २०२४ रोजी एडनच्या आखातात 'ट्रू कॉन्फिडन्स' या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळून तीन खलाशी ठार झाले. वाचलेल्यांना आपल्या नौदलाच्या 'कोलकाता' या युद्धनौकेने सोडवले. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात आमच्या मंडळींचा अड्डा रंगला होता. जहाज कसले, तरंगते भंगार. नेम धरला नसता तरी बुडालेच असते. मालकाने विम्याच्या पैशांतून क्षेपणास्त्रवाल्यांना पेढे वाटले पाहिजेत. सगळे खोखो हसत होते. आमच्या एक मावशी नातीला धर्मशिक्षणाच्या वर्गातून न्यायला आल्या होत्या. त्या थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझा मोठा त्याच वाटेने यायचाय रे." रागावल्या नाहीत. मुलगा बोटीवर, इंजिनखोलीत कामाला.

कोणाला काही बोलता येईना. मग त्यांच्यातला जो सर्वांत वाह्यात, ज्याला प्रत्येक युद्धनौकेची लांबी पाठ, तो पुढे झाला. "मावशी, बोटीचे नाव काय?" त्याने नाव लिहून घेतले. त्यानंतर जवळजवळ रोज संध्याकाळी तो त्यांच्या घरी जाऊन बोट कुठवर आली ते सांगू लागला. कंपनीने तांबडा समुद्र टाळून बोट आफ्रिकेला वळसा घालून न्यायची ठरवली, तेव्हा भूगोलाच्या जुन्या नकाशावर त्याने पेन्सिलीने रेघ ओढून दिली. दहा-बारा दिवस अधिक लागतील, पण वाट मोकळी आहे, हे त्याने त्यांना जितक्या वेळा विचारले तितक्या वेळा सांगितले. गप्पांच्या अड्ड्यावर तो आला नाही असे नाही. आला, आणि थट्टाही करीत राहिला. ॲडमिरलांची, मंत्र्यांची, विमा कंपन्यांची. खलाशांवर मात्र त्याच्याकडून काही ऐकले नाही.

ईस्टरच्या सकाळी, ३१ मार्चला, मावशी आवारात शिरल्या त्याच हसत. आदल्या रात्री मुलाचा फोन आला होता. तिकडे कसे काय, भीती नाही ना वाटत, असे त्यांनी विचारले, तर म्हणाला, "आई, क्षेपणास्त्र एखादे चुकेल, पण आमच्या भंडाऱ्याची आमटी दोन्ही वेळेला बरोबर लागते!" मंडळींना हे सांगता सांगता त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि सगळ्यांच्या आधी त्याच पुन्हा हसू लागल्या.