तळेगावाहून दंडाराजपुरीस

देशावरच्या माणसाची आणि समुद्राची गाठ बखरीत जितकी पडते तितकी प्रत्यक्षात पडत नाही. आमच्या तळेगाव ढमढेऱ्याच्या शिवारातून वाहणारी वेळ नदी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा पूर्वसमुद्राला. म्हणजे भीमाशंकराच्या माथ्यावर पश्चिमसागराच्या इतक्या निकट उगम पावलेले पाणीही त्याच्याकडे पाठ फिरवून सारे दख्खन ओलांडून जाते. शिरूर-दौंडचा हा मुलूख पर्जन्यछायेचा. ज्वारी-बाजरीवर पिढ्या काढलेला आणि अलीकडे कालव्याच्या पाण्यावर उसाने हिरवा झालेला. अशा मुलखातल्या प्रवाशाच्या मनात बेट, पुळण आणि घनदाट पावसाळी अरण्य या तिहींची ओढ एकाच वेळी उत्पन्न व्हावी, हे स्वाभाविकच होय.

आमच्या घरातील तरुण मंडळींनी तीच ओढ मनात धरून वेस्ट इंडीजच्या बेटांचा बेत मांडला, तेव्हा मी त्यांचे नकाशे आस्थेने पाहिले. टोबॅगो बेटाच्या कण्यासारख्या डोंगररांगेवरील अरण्य १७७६ साली कायद्याने राखून ठेवण्यात आले, आणि तेही अशा हेतूने की झाडी राहिली तर पाऊस राहील व पाऊस राहिला तर उसाचे मळे राहतील, ही हकिगत तर मला फारच मोलाची वाटली. परंतु त्या मळ्यांवर राबणारी माणसे आफ्रिकेतून साखळदंडांत बांधून आणलेली होती. गुलामगिरी कायद्याने बंद झाल्यावर त्यांच्या जागी गिरमिटाच्या करारावर हिंदी मजूर नेण्यात आले, आणि १८४५ च्या मे महिन्यात त्यांचे पहिले जहाज त्रिनिदादला लागले, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. पुतण्याने विचारले, "काका, थोड्या सुटीत बेट, किनारा आणि रान असं सगळं जवळपास कुठं मिळेल?" मी म्हटले, "मुरूडला जाऊ या. तिथे बेट आहे, पुळण आहे, रान आहे. आणि आफ्रिकेतून आलेली माणसे तिथे गुलाम म्हणून नव्हे, राज्यकर्ते म्हणून नांदली, हे तुझ्या त्या बेटांवर सहसा पाहायला मिळायचे नाही."

प्रवासाची आखणी करताना मी पहिला मुक्काम मुरूडचा न धरता वढू बुद्रुकचा धरला. तळेगावाहून शिक्रापुरावरून नगर रस्त्याने कोरेगावपर्यंत यावे आणि तेथून आत वळावे, की भीमेच्या काठी छत्रपती संभाजी महाराजांची समाधी लागते. ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाच्या छावणीत त्यांचा जो अंत झाला, तो आमच्या तालुक्यातल्या लहान मुलालाही ठाऊक असतो. परंतु त्याच्या सात वर्षे आधी ह्याच राजाने समुद्र बुजवून मुरूडच्या बेटावरील जंजिरा किल्ल्याच्या तटाला जाऊन भिडण्याचा उद्योग केला होता, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी असते. समाधीपुढे हात जोडून मग त्या समुद्राकडे निघावे, असा माझा आग्रह होता, आणि तरुणांनी तो आनंदाने मानला.

कोरेगावी भीमा ओलांडताना दोन वर्षे आठवतात. १७५१ साली सलाबतजंग व त्याचा फ्रेंच सेनानी बुसी यांची फौज पुण्याच्या रोखाने चालून आली, तिने रांजणगाव लुटले आणि आमचे तळेगाव उद्ध्वस्त करून ती कोरेगावास पोहोचली. १ जानेवारी १८१८ ची लढाई याच पात्राकाठी झाली आणि त्याच वर्षी पेशवाईचे दप्तर कायमचे मिटले. त्यानंतर १३० वर्षांनी, १९४८ साली, जंजिरा संस्थान विलीन झाले. ज्या सत्तेला उखडून काढण्यासाठी शिवछत्रपतींपासून बाजीरावापर्यंत सर्वांनी मोहिमा केल्या, ती सत्ता पेशवाईच्या पश्चातही सव्वाशेहून अधिक वर्षे आपल्या गादीवर स्थिर होती, याचा विचार करीतच आम्ही पुणे मागे टाकले.

मुळशीच्या जलाशयाच्या काठाने ताम्हिणी घाट उतरताना भूमीचा पालट होतो तो पाहण्यासारखा आहे. याच जलाशयाखाली जाणाऱ्या गावांसाठी सेनापती बापटांनी १९२१ पासून सत्याग्रह चालविला होता. घाटाच्या तोंडापर्यंत देशाची कोरडी हवा सोबत करते, आणि पहिल्या काही वळणांतच अंगाला दमटपणा, डोळ्यांना हिरवा काळोख आणि कानांना पाण्याचा नाद लागतो. विळ्यावरून कोलाड, कोलाडहून रोहे, आणि तेथून कुंडलिकेच्या सोबतीने साळावपर्यंत गेले की पलीकडे रेवदंडा दिसतो, खाडीच्या मुखाशी कोर्लईचा पोर्तुगीज किल्ला दिसतो, आणि पुढे काशीद, नांदगाव अशी गावे घेत रस्ता समुद्राच्या कडेकडेने मुरूडला पोहोचतो.

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसले की जंजिऱ्याचा तट हळूहळू वाढू लागतो. दोन्ही बाजूंनी पाहिले तरी दरवाजा कोठे आहे ते उमगत नाही. होडी अगदी निकट गेल्यावरच दोन बुरुजांच्या आडोशाला लपलेले महाद्वार दृष्टीस पडते, आणि त्याच्या भिंतीवर हत्तींना पंजांत व शेपटीत जखडून ठेवणारा सिंहाकृती पशू कोरलेला दिसतो. या बेटावर आधी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता व त्यांचा नायक राम पाटील होता. निजामशाहीच्या हबशी सरदाराने व्यापाऱ्याच्या मिषाने आत प्रवेश मिळवून तो घेतला, आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेढेकोटाच्या जागी हा पाषाणाचा दुर्ग उभा राहिला. सुमारे २२ एकरांच्या ह्या बेटावर गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत, पडझड झालेले वाडे आहेत, कलालबांगडी नावाची प्रचंड तोफ आहे. आणि काही पिढ्यांपूर्वीपर्यंत येथे वसतीही होती.

हा दुर्ग अजिंक्य का राहिला, याचे उत्तर तटाच्या जाडीत शोधणे अपुरे आहे. भोवती खारे पाणी आणि आत गोडे पाणी, ही निसर्गाची देणगी. जंजिऱ्याच्या हबशी सत्ताधाऱ्याचे, म्हणजे सिद्द्याचे, आरमार मोगलांच्या चाकरीत असल्यामुळे मिळणारा पैसा व रसद, हे राजकारणाचे बळ. आणि पावसाळ्यात त्याच्या गलबतांना मुंबईच्या बंदरात मिळणारा आसरा, ही इंग्रजांची सोयीस्कर वृत्ती. ही तिन्ही एकत्र आली. शिवछत्रपतींनी समोरच कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारून ह्या तटाशी सामना मांडला. लाय पाटील नावाच्या कोळी वीराने रात्रीच्या अंधारात जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या होत्या, परंतु पाठीमागून यावयाची फौज वेळेवर आली नाही आणि तो प्रयत्न फुकट गेला. मग संभाजी महाराजांनी १६८२ च्या आरंभी किनाऱ्यापासून बेटापर्यंत दगड व लाकडे टाकून सेतू बांधावयास घेतला. भरतीच्या वेळी त्या पाण्यातून होडी हाकारली जात असता मी पुतण्याला म्हणालो, की ह्या खळाळात दगड टाकून वाट करू पाहणारा राजा केवढ्या निश्चयाचा असेल! सेतूचे काम चालू असतानाच हसनअली खान मोगली फौजेसह कल्याणच्या बाजूस उतरल्याची खबर आली, महाराजांना वेढा दादाजी रघुनाथावर सोपवून तिकडे धावावे लागले, आणि त्यानंतरचा हल्ला यशस्वी झाला नाही. पुढे १७३३ च्या मोहिमेत मराठ्यांनी रायगड परत मिळविला, १७३६ साली चिमाजीअप्पांनी सिद्दी सात यास रणात मारले, सिद्द्याच्या अकरा महालांचा निम्मा वसूल तहाने मराठ्यांकडे आला. जंजिरा मात्र हाती आला नाही.

किल्ला पाहून लोक परत फिरतात, ही मला मोठी खंत वाटते. जंजिऱ्याच्या नवाबांनी शिकारीसाठी राखलेले फणसाडचे रान मुरूडजवळच्याच डोंगरात आहे, आणि १९८६ पासून ते अभयारण्य आहे. टोबॅगोचे अरण्य पावसासाठी राखले गेले आणि फणसाडचे मृगयेसाठी. हेतू निराळे असले तरी कुऱ्हाड दोन्हीकडे थांबली, आणि तिचे फळ आज आपल्या पदरी आहे. सुपेगावच्या बाजूने वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन पहाटे आत शिरावे. ऐन, किंजळ, अंजनी, कुंभा यांच्या सावलीतून पायवाट जाते. माणसाच्या मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली एका वृक्षावरून दुसऱ्यावर गेलेल्या असतात आणि त्यांच्या शेंगा हातभराहूनही लांब लोंबतात. पाण्याच्या झऱ्याला येथे गाण म्हणतात. फणसाड गाणाजवळ निश्चल बसून राहिले तर शेंड्यांवरून झेपावणारा शेकरू दिसण्याचा संभव असतो. आमच्या दुष्काळी तालुक्यातून गेलेल्या मुलांना भर हिवाळ्यात झाडांच्या मुळांतून पाझरणारे पाणी पाहून जो आनंद झाला, तो किल्ल्याच्या तोफा पाहूनही झाला नव्हता.

ज्यांना जावयाचे असेल त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो व किल्ल्याची होडीवाहतूक बंद असते. निघण्यापूर्वी पंचांग पाहावे. पक्षातील तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची अदमासे वेळ निघते, असा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. म्हणजे चतुर्थीच्या सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी असते आणि काशीदची पांढरी पुळण दूरवर उघडी पडते. पुनवेच्या व अवसेच्या उधाणात पाण्याला ओढ फार. देशावरच्या विहिरीत पोहायला शिकलेल्याने तेथे आपल्या कौशल्यावर विसंबू नये. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-मुरूडच्या वाड्या, सुपारी आणि सुरू यांची जी वाताहत केली, तिच्यातून सावरलेल्या माणसांच्या घरीच उतरावे. घरगुती जेवण मिळते, आणि त्यांच्या पदरात चार पैसे पडतात.

आणखी एक विनंती. राजपुरीजवळच खोकरी येथे सिद्दी नवाबांच्या दगडी कबरी आहेत. त्यांतली सर्वांत मोठी सिद्दी सिरुलखानाची. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून चाकर म्हणून निघालेल्या वंशाने येथे राज्य केले, आमच्या पूर्वजांशी निकराने झुंज दिली आणि तो याच मातीत विसावला. जे वढूला नतमस्तक होऊन आले आहेत, त्यांनी खोकरीलाही अर्धा तास द्यावा, आणि त्या दगडांवर आपली नावे कोरू नयेत.