मधली चित्रं

जून-जुलै म्हणजे आमच्या कफ परेडच्या मच्छीमार नगरात मासेमारीबंदीचे महिने. होड्या वर ओढलेल्या, त्यांच्यावर ताडपत्र्या, आणि दारादारांत जाळी दुरुस्त करत बसलेली माणसं. या दिवसांत दर शनिवारी दुपारी मी वस्तीतल्या पोरांना घरी बोलावते आणि चित्रं हलवायला शिकवते. कोऱ्या कागदांची एक चळत, तिला रबरबँड आणि एक पेन्सिल, एवढंच सामान. अ‍ॅनिमेशनमध्ये मला पंचवीस वर्षं झाली, तरी पानं फडफडवल्यावर चेंडू उडी मारताना पाहून पोरांच्या तोंडून जो आवाज निघतो, तो मला अजून हवासा वाटतो.

अशाच एका शनिवारी बाहेर धो धो पाऊस होता, म्हणून त्यांना ‘मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी’ लावून दिला. ज्याची ही पूर्वकथा, तो ‘मॉन्स्टर्स इंक’ त्यांनी आधी पाहिला होता. त्यामुळे एका डोळ्याचा हिरवा माइक आणि निळ्या केसांचा धिप्पाड सली हे जिवलग मित्र, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक. इथे तर दोघं एकमेकांना पाण्यात पाहतात. दुसरीतली एक मुलगी अस्वस्थ होऊन माझ्याकडे वळली. “मावशी, हे दोस्त आहेत ना? मग भांडतात कशाला?”

“अजून झाले नाहीत,” मी म्हटलं.

उत्तर देऊन गेले, पण नंतर कित्येक दिवस तेच घोळत राहिलं. आमच्या सगळ्या कलेचं मर्म त्या ‘अजून’मध्ये आहे.

हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये आम्ही आधी मुख्य चित्रं काढतो, त्यांना की-फ्रेम म्हणतात. माणूस बसलेला, हे एक. उभा राहिलेला, हे दुसरं. या दोन्हींच्या मधे भरायची ती इन-बिट्वीन, म्हणजे मधली चित्रं. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम सरकतात. मुख्य चित्रं ज्येष्ठ कलावंत काढतो, मधली बहुधा शिकाऊंच्या वाट्याला येतात, आणि बाहेरच्यांना ती हमाली वाटते. पण तो माणूस आनंदाने उठला, की गुडघे दुखत असताना उठला, की कुणाच्या धाकाने उठला, हे फक्त मधल्या चित्रांतूनच कळतं.

पूर्वकथा सांगणाऱ्याची नेमकी हीच स्थिती असते. शेवटचं मुख्य चित्र प्रेक्षकाने आधीच पाहिलेलं असतं. ‘मॉन्स्टर्स इंक’ पीट डॉक्टर यांनी २००१ साली केला. डॅन स्कॅनलन यांचा ‘मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी’ आला २०१३ मध्ये. पुढे काय होणार, ही उत्सुकता बारा वर्षांपूर्वीच संपलेली. उरतं ते कसं झालं आणि काय मोजून झालं, एवढंच. आपल्याला हे नवं नाही. कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला आख्यानाचा शेवट पाठ असतो, तरी रात्र सरते.

हे दोन्ही चित्रपट काढणाऱ्या पिक्सारसमोर एक अडचण होती. पहिल्या चित्रपटात माइक बोलण्याच्या ओघात सलीला चौथीपासूनच्या ओळखीचा दाखला देतो. मग गोष्ट शाळेत नेऊन ठेवायची का? त्यांनी ते वाक्य बाजूला ठेवलं आणि कॉलेज निवडलं. मला हा निर्णय फार योग्य वाटतो. चौथीतली मैत्री शेजारच्या बाकामुळे होते. अठराव्या वर्षी माणूस आपण कोण होणार हे ठरवून आलेला असतो, आणि समोरचा त्याच जागेवर हक्क सांगत असतो. तिथे मैत्री व्हायची तर आधी काहीतरी मोडावं लागतं.

चित्रकाराला तर इथे काळ मागे न्यायचा होता. माइकला मान नाही, वेगळं डोकं नाही. चेहरा हेच शरीर. त्याला मान वळवून बघताच येत नाही, सगळंच्या सगळं वळावं लागतं. म्हणून तो प्रत्येक गोष्ट जीव ओतून बघतो असं वाटतं. तरुण माइक थोडा लहान, काटकुळ्या हातापायांचा केला, दातांना तार दिली. सली सडपातळ झाला, डोक्यावर विस्कटलेली झुलपं आली. पहिल्या चित्रपटात त्याच्या अंगावर सुमारे २३ लाख केस होते, इथे ५५ लाख. पण संगणकाच्या या ताकदीपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती एक पेन्सिल.

मुलांना घाबरवायला शिकवणाऱ्या त्या कॉलेजातला पहिला तास. माइक पुस्तकं नीट लावून, तयारीनिशी बसलाय. सली उशिरा, रिकाम्या हातांनी येतो, डरकाळी फोडून सगळ्यांवर छाप पाडतो. मग माइककडे पेन्सिल मागतो आणि तिने दात कोरतो. बस्स. एकासाठी पेन्सिल म्हणजे सगळं आयुष्य, दुसऱ्यासाठी काडी. सलीच्या घराण्याचं नाव आणि माइकने घोकून मिळवलेली विद्या यांचं वैर मांडायला याहून अधिक काही लागत नाही.

ही दोन माणसं मी ओळखते. मी शिकत होते तेव्हा वर्गात लालबागचा एक मुलगा होता. घरात मूर्तिकामाचा पिढीजात कारखाना. त्याचा हात कागदावर पडला की आकृती उभी राहायची. मी ती दहा वेळा खोडून काढायची. एकदा चालण्याचा अभ्यास दिला होता. मी टोपली घेतलेली कोळीण काढली, रात्र रात्र जागून. माझ्या आईला मी जन्मल्यापासून टोपलीखाली पाहिलेलं, हे चित्र माझंच, अशी खात्री होती. पानं फिरली आणि तो सहज म्हणाला, “टोपलीत मासे नाहीत तुझ्या.”

महिनाभर मी त्याच्याशी बोलले नाही. पण पहाटे आई निघाली की मागोमाग जाऊन बघू लागले. “मान हलली की टोपली गेली,” आई म्हणाली. “भार दिसतो डोक्यावर, पेलते कंबर.” तेव्हा कळलं, मी चालणारी बाई काढली होती, वजन काढलंच नव्हतं. पाऊल टेकल्यावर गुडघा जरासा दबतो, कंबर बाजूला झुकून तो भार झेलते, आणि वर टोपली जागची हलत नाही. मी दोन चित्रं वाढवली, दबणाऱ्या गुडघ्याची. मासे आले.

मग त्याची चित्रं मी नीट पाहिली. प्रत्येक आकृती देखणी, पण मखरात बसवल्यासारखी. श्वासच घेत नव्हती. ते मी त्याला सांगितलं. तो गप्प झाला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी येऊन बसला. आज आमची कामं वेगळी आहेत, तरी माझं प्रत्येक काम आधी तोच बघतो. तो बोलला नसता तर माझी टोपली रिकामीच राहिली असती.

म्हणूनच या चित्रपटाचा उत्तरार्ध मला खरा वाटतो. कॉलेजातल्या घाबरवण्याच्या स्पर्धा पाहताना रुइया-रुपारेलच्या मुलांना आपल्या एकांकिका आठवतील. तीच ईर्षा, तीच आरडाओरड. कमकुवत ठरलेला संघ जिंकतो, इथवर गोष्ट ओळखीची आहे. पण तो विजय सलीच्या लबाडीचा असतो. त्याने यंत्रच सोपं करून ठेवलेलं असतं. हे कळल्यावर माइक स्वतःला सिद्ध करायला माणसांच्या जगात जातो, आणि तिथली मुलं त्याला घाबरत नाहीत. रात्री तळ्याकाठी तो एकटा बसलेला असतो. सली येतो आणि कबूल करतो की बाहेरून आव आणणारा तो स्वतःच बहुतेक वेळा घाबरलेला असतो. दोघांच्या मनातलं स्वतःचं चित्र तिथे पुसलं जातं. मग माइकची बुद्धी आणि सलीची डरकाळी मिळून ते बाहेर पडतात. तरीही कॉलेजातून नाव कापलं जातं ते जातंच, आणि दोघं ‘मॉन्स्टर्स इंक’ कंपनीत टपालखात्यापासून सुरुवात करतात. कष्ट केले की स्वप्न पुरं होतं, असं हा चित्रपट मुलांना सांगत नाही. कष्ट करूनही एखादी गोष्ट आपली नसते, आणि त्यानंतरही आयुष्य उरतं, असं सांगतो. मुलांशी इतकं खरं बोलणारे चित्रपट फार थोडे.

असं खरं बोलण्याची ऐपत आपल्याकडेही आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केली, काडी काडी हलवून. १९५६ मध्ये डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कलावंतांना शिकवायला आले. राम मोहन त्याच मुशीतले. भीमसेन यांच्या १९७४च्या ‘एक अनेक और एकता’वर आमची पिढी वाढली. पण एकी होण्याआधीचं भांडण, दुरावा, कबुली, हे मराठी मुलांसाठी चित्रांतून अजून पुरेसं सांगितलं गेलेलं नाही. ते सांगायला हवं.

माझ्या वस्तीपुरतं तर फारच हवं. मच्छीमार नगर म्हटलं की बाहेरच्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: २६ नोव्हेंबर २००८ची रात्र, या किनाऱ्याला लागलेली दहशतवाद्यांची रबरी होडी. तेवढं एक मुख्य चित्र जगाने पाहिलं. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या हजारो सकाळी, सुकत घातलेले बोंबील, कागदावर वाकलेली पोरं, ही मधली चित्रं आहेत. ती आम्हीच काढायची आहेत.

त्या दुसरीतल्या मुलीने पुढच्या शनिवारी पानांची चळत आणली. दोन होड्या. एक बंद पडलेली, दुसरी दोर टाकून तिला ओढते. पानं फडफडवली तर दोर बांधल्याबरोबर दोन्ही होड्या एकदम सुटल्या.

“खरा दोर आधी काय करतो?” मी विचारलं.

तिने बाहेर धक्क्याकडे पाहिलं. “लोंबतो. मग ताठ होतो.”

“मग?”

“मग होडी हलते.”

ती बसली, रबरबँड सोडला, आणि मधे घालायला चार कोरी पानं मागून घेतली.