जाळं फाटतं तिथे

तळवड्यात आमच्या शेडमागून दहा मिनिटं चाललं की इंद्रायणी लागते. कधी तिच्यावर जलपर्णी, कधी साबणाचा असावा तसा फेस. पाणी दिसलं तो दिवस चांगला म्हणायचा. वरच्या अंगाला देहू. तुकोबांच्या बुडवलेल्या वह्या तेरा दिवसांनी तिथल्या डोहातून कोरड्या वर आल्या, हे आम्हाला शाळेच्या आधी आजीने शिकवलेलं असतं. पाण्याने काही राखून ठेवलं असं कोणी सांगितलं, तर इथला माणूस चटकन हसत नाही.

शेजारच्या शेडमधला वेल्डर देवगडकडचा. एकदा चहा पिताना म्हणाला, “आमच्या विजयदुर्गाला समुद्रात भिंत आहे. पाण्याखाली. जहाजं आपटून फुटायची.” आमचा धंदा प्रेस टूलचा, म्हणून मी आधी माप विचारलं. ते त्याला सांगता येईना. “बघूनच या की,” म्हणाला. दिवाळीत शेड बंद होती. निघालो.

पहाटे निगडीहून हायवेला लागलो. सातारा झोपेत गेलं, कोल्हापुरात मिसळ झाली. गगनबावड्यानंतर घाट उतरू लागलो तशी हवा जड होत गेली. वैभववाडी, तळेरे, मग जांभ्याच्या लाल गडग्यांमधून जाणारा रस्ता, आणि एका वळणानंतर एकदम वाघोटणची खाडी.

विजयदुर्ग शिलाहार भोजाचा, असं मानतात. जवळच्या गिर्ये गावावरून त्याला घेरिया म्हणत. एकेकाळी चारही बाजूंनी पाणी होतं, आता एका अंगाने जमीन जोडली आहे. तिहेरी तटाच्या आत हिंडताना ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने इथून हेलियम शोधला, असं अभिमानाने सांगतात. लॉकयर तेव्हा इंग्लंडात होता आणि त्याने हेलियमची पिवळी रेषा पाहिली ऑक्टोबरात. गावाला हेलियम हवा असेल तर असू दे, पण त्याच्या पाण्यात त्याहून मोठी गोष्ट पडून आहे.

ती भिंत शोधली गोव्यातल्या दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांनी. एस. आर. राव यांच्या पुढाकाराने द्वारकेच्या समुद्रात काम केलेली हीच ती संस्था. माप मिळालं एकदाचं: जांभ्याची भिंत, लांबी सुमारे १२२ मीटर, रुंदी ७, उंची ३, आणि समुद्र तिथे आठ ते दहा मीटर खोल.

तटावर बसून मी हिशेब मांडला. दहातून तीन गेले सात, आठातून तीन गेले पाच. म्हणजे भिंतीच्या माथ्यावर पाच ते सात मीटर पाणी. मराठा आरमार चालवणाऱ्या आंगऱ्यांच्या गुराबा नि गलबतं उथळ बुडाची, ती वरून निघून जाणार आणि खाली काय आहे त्याचा त्यांना पत्ताही लागणार नाही. पण सत्तर तोफांच्या इंग्रजी जहाजाचं बूड सहा मीटरच्या आसपास पाण्यात असायचं. ओहोटी असेल, लाटेने जहाज खाली बसलं असेल, तर तळाशी घासणारच. आमच्या भाषेत हा ‘गो, नो-गो’ गेज झाला. आपला माल पास, दुसऱ्याचा रिजेक्ट. भिंत शिवकाळातली, असं गावात ठामपणे सांगतात. संशोधक इतके ठाम नाहीत, आणि त्यांचं मला पटतं. जांभ्याच्या चिऱ्यावर साल कोरलेलं नसतं.

जेटीवर एका म्हाताऱ्या तांडेलाला विचारलं, “काका, भिंत तुम्हाला कधीपासून ठाऊक?”

“भिंत म्हणान नाय,” जाळ्यावरची नजर न काढता तो म्हणाला. “थयसर जाळा घालूचा नाय, फाटता, इतक्याच म्हायत. बापाशीन सांगल्यान.”

शास्त्रज्ञ उतरायच्या आधीची ही नोंद. ती मात्र कुठल्याही कागदावर नाही.

या पाण्यावर चालून कोण आलं नाही? १७२०मध्ये इंग्रज ‘फ्रॅम’ नावाचा तरंगता तोफखाना घेऊन आले, १७२४मध्ये डच आले, दोघेही हात हलवत परतले. भिंतीमुळे परतले असं मी म्हणणार नाही, तटावर तोफा होत्याच. पण १७५६च्या फेब्रुवारीत इंग्रज आरमाराचा वॉटसन ‘केंट’ हे मोठं लढाऊ जहाज घेऊन आला, सोबत क्लाईव्ह, आणि जमिनीकडून पेशव्यांची फौज. तुळाजी आंगरे पेशव्यांना जुमानत नव्हता म्हणून पेशव्यांनीच इंग्रजांना हाताशी धरलं. तोफगोळा पडला तो आंगऱ्यांनी कंपनीकडूनच धरलेल्या ‘रिस्टोरेशन’ जहाजावर. ते पेटलं, आणि शेजारी दाटीने नांगरलेलं अख्खं आरमार त्याच्या आगीत गेलं. कान्होजी आंगऱ्यांपासून उभं केलेलं बळ एका दिवसात जळलं. पाण्याखालच्या भिंतीला हे थांबवता येण्यासारखं नव्हतं. मराठ्यांनीच मराठ्यांचं आरमार जाळायला मदत केली, याला राजकारण म्हणतात. मी त्याला आत्मघात म्हणतो.

कान्होजींचं नाव समुद्राखाली मात्र राहिलं. इथून पश्चिमेला शंभरावर किलोमीटरवर पाण्यात बुडालेलं एक प्रवाळांचं पठार आहे, साधारण चाळीस किलोमीटर लांब. नकाशावर त्याचं नाव आंग्रिया बँक. ज्यांना इंग्रज चाचे म्हणत, त्यांचंच नाव.

भिंत मला दिसली नाही. होडीतून हिरवं पाणी दिसलं, तेवढंच. हाताला लागली ती गोदी. गिर्ये गावाजवळ खाडीच्या काठावर, सुमारे ३५५ फूट लांब नि २२७ फूट रुंद, लढाऊ जहाजं बांधायची आणि दुरुस्त करायची जागा. आता गाळाने भरत चालली आहे. मी काठावर उभा राहून पावलांनी माप घेतलं, सवयच ती. आमची अख्खी शेड आत मावून वर ट्रक फिरवायला जागा उरली असती. किल्ल्यावर त्या दिवशी सहलीच्या तीन बस होत्या. गोदीवर मी आणि एक बगळा.

तुम्ही गेलात तर किल्ला बघून लगेच परत फिरू नका, गिर्येला उतरा. गावात ओहोटीची वेळ आधी विचारा, आणि पायात जाड तळाच्या चपला घाला. दगडांना कालवं चिकटलेली असतात, पाय कापतो.