घडा तोच की दुसरा?

१४ एप्रिल २०२५, सोमवार. वाई

तर्कसंग्रह पुन्हा वाचायला घेतला आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांनी नवशिक्यांसाठी लिहिलेलं हे इवलंसं पुस्तक. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय, अभाव असे सात पदार्थ, त्यांतली नऊ द्रव्यं, चोवीस गुण. जगात जे जे आहे ते या खान्यांत बसलं पाहिजे, अशी प्रतिज्ञाच. आमच्या वाईला या शास्त्राचं वावडं कधीच नव्हतं. प्राज्ञपाठशाळेतून पुढे गेलेले लक्ष्मणशास्त्री जोशी कलकत्त्याहून तर्कतीर्थ होऊन आले, ते याच न्यायशास्त्रात.

आज पृथ्वी या द्रव्यापाशी थांबले. पृथ्वीचे रूप, रस, गंध, स्पर्श हे गुण ‘पाकज’ आहेत, म्हणजे उष्णतेने पालटतात. कच्चा घडा काळपट असतो, भाजला की तांबडा होतो. इथवर कोणाचीच तक्रार नाही. पण अन्नंभट्ट आपल्याच दीपिका टीकेत दोन ओळींत सांगून टाकतात की, हा रंग नेमका कशाचा बदलतो यावर वैशेषिक आणि नैयायिक यांचं जमत नाही. एरवी ही दोन्ही शास्त्रं एका घरात नांदतात. भट्टीतल्या घड्यापाशी आली की वेगळी चूल मांडतात.

१६ एप्रिल

वैशेषिकांचं म्हणणं प्रशस्तपादांच्या पदार्थधर्मसंग्रहात आहे, आणि ते पहिल्या वाचनात अंगावर येतं. घडा भट्टीत ठेवला. आगीच्या आघाताने परमाणूंत हालचाल सुरू झाली. परमाणू एकमेकांपासून सुटले, त्यांचा संयोग मोडला, द्व्यणुकं, म्हणजे परमाणूंच्या जोड्या, फुटली, आणि द्व्यणुकं फुटली म्हणजे घडाही गेला. सुट्या परमाणूंतला काळा रंग नाहीसा झाला, तांबडा उपजला. मग अदृष्टाच्या, म्हणजे जिवांच्या पाप-पुण्याच्या, प्रेरणेने तेच परमाणू पुन्हा जुळले, पुन्हा द्व्यणुकं, आणि शेवटी नवा तांबडा घडा. हे सगळं इतक्या झपाट्याने होतं की आपल्याला पत्ता लागत नाही. किती क्षणांत होतं याचाही हिशोब मांडलेला आहे, कोणी नऊ क्षण म्हणतं, कोणी दहा. हा पीलुपाकवाद. पीलु म्हणजे परमाणू.

म्हणजे भट्टीत घातलेला घडा आणि बाहेर काढलेला घडा हे दोन वेगळे घडे.

इतका अचाट निष्कर्ष त्यांनी का पत्करला असेल? हट्ट म्हणून नव्हे. कार्यद्रव्यातले रूपादी गुण आपल्या कारणातल्या गुणांवरून येतात, हा त्यांचा नियम. कापडाचा रंग धाग्यांवरून. तेव्हा घड्याचा रंग बदलायचा तर आधी अवयवांचा बदलला पाहिजे, अवयवांचा बदलायचा तर त्यांच्या अवयवांचा, आणि असं उतरत उतरत परमाणूपर्यंत जावं लागतं. घडा अभंग असताना आतल्या प्रत्येक परमाणूला आग भिडेल कशी? म्हणून घडा मोडला पाहिजे. एक नियम मानला की त्याच्यामागे शेवटपर्यंत जायचं, वाट कितीही विचित्र ठिकाणी नेवो. मला या लोकांबद्दल फार आदर वाटतो तो यासाठी. पाकजाच्या प्रश्नात ज्याची बुद्धी अडखळत नाही तोच खरा वैशेषिक, असं परंपरेत म्हणत ते उगीच नाही.

१९ एप्रिल, शनिवार

कुंभारवाड्यात सकाळीच गेले, कारण आवा उघडायचा होता. उन्हाळा, त्यात अक्षय्यतृतीया तोंडावर, त्यामुळे माठांना आणि पितरांच्या पाण्याच्या लहान घागरींना मागणी. खाली गोवऱ्या आणि लाकूड, त्यावर पालथे मोठे माठ, त्यांच्या पाठीवर आणि फटींत लहान घागरी, वर पाचट आणि राखमातीचं लिंपण. काल रात्री पेटवलेला. सकाळीही राखेतून धग येत होती.

कुंभारीण मावशींनी लाकडाने लिंपण बाजूला केलं आणि एकेक घागर काढून ठेवायला लागल्या. मी एकच हातात घेऊन नीट पाहिली. गळ्याभोवती ओली असताना नखाने ओढलेली नागमोडी रेघ, एके ठिकाणी हात हलल्यामुळे रेघेला पडलेला छोटा गुंता, आणि काठाखाली अंगठ्याचा ठसा, त्यातल्या बारीक रेषांसकट. कच्ची असताना फिकट करडी होती, आता विटकरी. एका बाजूला जिथे धूर कोंडला तिथे काळा डाग. बाकी ठसा तोच, गुंता तोच.

‘‘बाई, वाजवून घ्या,’’ मावशी म्हणाल्या. एक घागर बोटाच्या पेराने वाजवली, खणखणीत. शेजारची बद्द वाजली. ती त्यांनी मुकाट्याने वेगळी ठेवली. कच्ची राहिलेली.

नैयायिक इथे जिंकतात, असं मला तिथे उभं राहून वाटलं. त्यांचा पिठरपाकवाद सांगतो की घडा सच्छिद्र असतो, आग छिद्रांतून आत शिरते आणि घडा अख्खा राहूनच भाजतो. छिद्रं असल्याशिवाय माठ पाझरला कसा असता, आणि पाझरला नसता तर पाणी गार कसं झालं असतं? शिवाय खालचा माठ क्षणभर जरी परमाणूंत विरला असता, तर त्याच्या पाठीवरच्या घागरी खाली यायला हव्या होत्या. आणि ‘ही तीच घागर’ ही ओळख, तिला ते प्रत्यभिज्ञा म्हणतात, ती खोटी ठरवणारं काही पुढे येत नाही तोवर प्रमाण मानावी. माझ्या मनातला प्रश्न याहून साधा आहे. पहिली घागर घडायला कुंभार लागला, चाक लागलं. आव्यात दुसरी घडली म्हणता, तर अंगठा कोणाचा उमटला?

वैशेषिकांकडे यावर उत्तर आहे. दिव्याची ज्योतही आपल्याला तासभर ‘तीच’ वाटते आणि तीच नसते. त्यामुळे ओळख ठसठशीत असली म्हणून खरीच असते असं नाही. उत्तर मला पटलं नाही, पण ते कच्चं आहे असंही म्हणवत नाही.

२० एप्रिल

भाजण्याचं रसायन आज वाचून काढलं. साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात चिकणमातीच्या कणांत रासायनिक बंधाने अडकलेलं पाणी निघून जातं. ते गेलं की ती माती पाण्यात कितीही भिजवली तरी पुन्हा चाकावर चढत नाही. हवा मिळाली तर मातीतल्या लोहाने तांबडा रंग येतो, धूर कोंडला तर काळा. म्हणजे बदल खरोखर अगदी तळाशी होतो, कणांच्या आतल्या रचनेत. एवढं वैशेषिकांचं बरोबर. त्यासाठी घडा मोडावा लागत नाही. एवढं नैयायिकांचं बरोबर.

२२ एप्रिल

देकार्तलाही हा प्रश्न आगीजवळच पडला. १६४१ च्या ‘चिंतनां’त तो पोळ्यातून नुकतंच काढलेलं मेण हातात घेतो. मधाची चव अजून आहे, फुलांचा वास आहे, कडक आहे, बोटाने ठोकलं तर आवाज येतो. मग ते आगीजवळ नेतो. चव गेली, वास गेला, रंग पालटला, आकार गेला, ठोकलं तर आवाज नाही. तरी मेण तेच, असं सगळेच म्हणतात. मग इंद्रियांनी कळलेलं काहीच मेणाचं सत्त्व नव्हतं, ते बुद्धीलाच कळतं, असा त्याचा निष्कर्ष.

मेण आगीत आवाज गमावतं आणि घागर आगीतच आवाज कमावते. देकार्तने कुंभारवाडा पाहिला असता तर त्याचं चिंतन कुठे गेलं असतं, हा विचार दिवसभर सुटला नाही. मेणाची कथा ही गुण गळून पडण्याची आहे. म्हणून सगळे गुण काढल्यावर उरतं ते सत्त्व, असं त्याला वाटलं. घागरीत उलट आहे. पाणी धरण्याचा गुण तिला आगीनेच दिला, आणि तो नसेल तर तिला घागर म्हणायला मावशी तयार नाहीत.

लॉकने १६९० च्या आपल्या मोठ्या निबंधात गुणांखालच्या या ‘आधारा’ची खोड काढली आहे, आणि तीही एका भारतीयाच्या नावाने. पृथ्वी हत्तीवर, हत्ती कासवावर, आणि कासव कशावर, तर कशावरतरी, काय ते ठाऊक नाही. गुण कशात राहतात या प्रश्नालाही तत्त्वज्ञ असंच उत्तर देतात, असं त्याचं म्हणणं. वाचून वाईट वाटतं. द्रव्य आणि गुण यांचा संबंध काय, यावर इथे शतकानुशतकं काटेकोर वाद झाला होता आणि त्याच्यापर्यंत पोचली ती फक्त कासवाची गोष्ट. नैयायिकाने त्याला सांगितलं असतं की द्रव्य अज्ञात मुळीच नाही. जे मी डोळ्यांनी पाहिलं तेच मी हाताने चाचपतो आहे, हा अनुभव सगळ्यांना आहे. रंग हाताला कळत नाही, उबदारपणा डोळ्याला दिसत नाही, तरी दोन्ही इंद्रियांना सापडली ती एकच घागर. न्यायसूत्रांत हा दाखला आत्मा सिद्ध करायला येतो, पण त्याच दमात वस्तूही सिद्ध होते.

२४ एप्रिल

बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन. त्याच्या मूलमध्यमककारिकेचं पंधरावं प्रकरण स्वभावावरच आहे. त्याची अट कडक आहे. स्वभाव म्हणायचा तर तो कोणी घडवलेला नसावा आणि दुसऱ्या कशावर अवलंबून नसावा. टीकाकार चंद्रकीर्ती उदाहरण घेतो आगीचंच. उष्णता हा अग्नीचा स्वभाव असं लोक म्हणतात, पण ती उष्णता सरपणावर, घुसळण्यावर, सूर्यकांत मण्यावर अवलंबून आहे. मग ती अग्नीची स्वतःची कशी?

गेला आठवडाभर मी घागरीचं सत्त्व शोधते आहे आणि ज्या आगीने ते तपासायचं, त्या आगीलाच स्वतःचं सत्त्व नाही असं हा सांगतो. हा युक्तिवाद टाळता येत नाही. पण अट मात्र मला मान्य नाही. अवलंबून असलेलं ते स्वतःचं नव्हे, हे का मानायचं? घागरीचं घागरपण माती, कुंभार आणि आवा यांच्यावर अवलंबून आहे आणि तरीही ते घागरीचंच आहे, आव्याचं नाही.

२६ एप्रिल, शनिवार

नैयायिकांची एक गोष्ट मात्र गळ्याखाली उतरत नाही. अवयव बदलला की अवयवी गेला, असं ते मानतात. काठाचा टवका उडाला तर जुना घडा नष्ट झाला आणि उरलेल्या अवयवांतून ‘खंडघट’ नावाचा नवा घडा तयार झाला. प्रत्यभिज्ञेचा इतका कैवार घेणाऱ्यांनी इथे तिला वाऱ्यावर सोडावं? टवका उडालेली घागर मावशी थोड्या कमी पैशांत देतात, आणि तीच घागर म्हणून देतात. बुडाला तडा गेलेली मात्र कोणी घागर म्हणून घेत नाही. तिच्यात तुळस लावतात. ऍरिस्टॉटलला हे पटलं असतं. न पाहणारा डोळा त्याच्या मते नावापुरताच डोळा.

तत्त्वज्ञ सॉल क्रिपकेने जानेवारी १९७० मध्ये प्रिन्स्टनला तीन व्याख्यानं दिली तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. समोरच्या लाकडी टेबलाकडे बोट दाखवून त्याने विचारलं की, हेच टेबल टेम्स नदीच्या पाण्याच्या बर्फाचं केलेलं असू शकलं असतं का? हुबेहूब असं दुसरं टेबल झालं असतं, हे टेबल नव्हे, असं त्याचं उत्तर. वस्तू ज्या द्रव्यातून उपजली ते तिला चिकटलेलं असतं. घडा आपल्या अवयवांत समवायाने, म्हणजे अतूट संबंधाने, राहतो असं म्हणणारा नैयायिक त्याच्या शेजारी बसला असता.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय्यतृतीया

सकाळी घागर भरून दान दिली. दुपारी भाचीबरोबर सराफाकडे, तिला आजीच्या जुन्या पाटल्या मोडायच्या होत्या. पूर्वी कसोटीवर रेघ ओढून वर तेजाब टाकत. आता पाटली एका पेटीत ठेवली, झाकण लावलं, थोड्याच वेळात पडद्यावर आकडा उमटला. ९१६ च्या जवळपास, म्हणजे बावीस कॅरेट. ही पेटी सोन्याचा रंग पाहत नाही. क्ष-किरण टाकून परतणाऱ्या किरणांची ऊर्जा मोजते, आणि ती ऊर्जा मूलद्रव्याच्या अणुक्रमांकावर ठरते. हे पदार्थविज्ञानी मोझलीने १९१३ मध्ये दाखवलं. दोन वर्षांनी तो गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला, वय सत्तावीस.

लॉकने सोन्याची दोन सत्त्वं मानली होती. एक नावापुरतं, पिवळं, जड, ठोकून पत्रा होणारं. दुसरं खरं, आतल्या घडणीतलं, जे माणसाला कळणं त्याला शक्य वाटत नव्हतं. ते आता सराफाच्या काउंटरवर कळतं. क्रिपके म्हणतो, उद्या सोनं निळं आहे असं सिद्ध झालं तरी ते सोनंच, कारण अणुक्रमांक ७९ हे त्याचं सत्त्व.

एकाच दिवशी घागर आणि सोनं हाताळल्यावर माझं मत पक्कं झालं. सगळ्या वस्तूंना सत्त्वाचा एकच सिद्धांत लावू पाहणारे सगळे, नागार्जुनही त्यांतच, कुठेतरी अडतात. सोन्याचं सत्त्व त्याच्या पोटात आहे, कोणी दागिना घालो न घालो. घागरीचं तसं नाही. ते मातीत आहे, घडणीत आहे आणि पाणी धरण्यात आहे, आणि यातलं एकही वगळलं तर हाती काहीतरी वेगळंच येतं.

नैयायिक-वैशेषिकांनी सोन्याला पृथ्वीत न घालता तेज या द्रव्यात घातलं, कारण कितीही तापवलं तरी त्याचा द्रवपणा जळून जात नाही. हे चुकलं. पण ओघाने पिवळ्या रंगाचं काय, हा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी तो सोन्यात मिसळलेल्या पृथ्वीच्या अंशाचा मानला, सोन्याचा नव्हे. सोनं पिवळा धातू आहे हे सोन्याच्या कल्पनेतच बसलेलं आहे, असं कांटने १७८३ मध्ये लिहिलं. या एका बाबतीत आपल्या शास्त्र्यांचं बरोबर होतं आणि कांटचं चुकलं.