उन्हाची कड

आज खतांची वा फवारणीची गोष्ट नाही, फोटोची आहे. आता घरोघरी मोबाइल आहे. गावोगाव फिरताना लोक मला हौसेने त्यातले फोटो दाखवतात. पण काळी म्हैस अंधाऱ्या गोठ्यात हरवलेली असते आणि आजीचे पांढरे केस चुन्याच्या भिंतीत.

यावर एक बिनखर्ची उपाय आहे. फोटो काढणाऱ्याने सूर्य पाठीशी घ्यावा, असे आपण ऐकत आलो. एकदा उलट करून पाहा. सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात, ऊन तिरपे असताना, आजीला सूर्याकडे पाठ करून थोडे तिरके बसवा. तिच्या मागे लांबवर दाट झाडी असावी, म्हणजे पाठीमागची बाजू काळसर राहील. झाडांची सावली मात्र तिच्या अंगावर नको. आता पाहा, केसांना, पदराला, खांद्याला उजेडाची बारीक रेघ येते आणि आजी झाडीपासून सुटून पुढे येते. छायाचित्रकार याला ‘रिम लाइट’ म्हणतात. मी उन्हाची कड म्हणतो. सूर्याआड आलेल्या ढगाला रुपेरी किनार दिसते, तशीच ही.

दोन गोष्टी सांभाळा. ऊन थेट कॅमेऱ्याच्या काचेवर पडू देऊ नका. स्वतः झाडाच्या सावलीत उभे राहा किंवा वरून टोपी धरा. चेहरा काळवंडतो, म्हणून आजीच्या समोर कोणी पांढरे धोतर ताणून धरावे. त्यावरून परतलेला उजेड चेहऱ्यावर येतो. शिवाय मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवा.

आम्हा शेतीखात्यातल्या लोकांना ही कड कपाशीत भेटते. पान उन्हाकडे धरले की त्याच्या कडेची बारीक लव चमकते. एरवी ती नजरेत भरत नाही. लव दाट असेल, तर तुडतुड्यांना त्या पानावर अंडी घालणे नि रस शोषणे अवघड जाते.

वडीलधारे माणूस गेले, की लग्नातल्या घोळक्याच्या फोटोतून त्याचा चेहरा कापून, मोठा करून भिंतीवर लावलेला मी कित्येक घरांत पाहिला आहे. चेहरा पुसट, शेजारच्याचा खांदा तसाच चिकटलेला. तुमच्याकडे म्हातारी माणसे असतील, तर उद्या सकाळीच त्यांना अंगणात बसवा. ऊन वर चढायच्या आत उठा, म्हणजे झाले.